नळीच्या टोकाची जाळी

"जाळी विण गं बारीक, मागं राहू दे कोंडा,
रस येऊ दे ओठी, मागं राहू दे तंटा..."

मडक्यातली नाचणीची दारू ओढून प्यायच्या नळीच्या टोकाला कोंडा अडवणारी जाळी विणताना आई गुणगुणायची. अंगणात चटईवर पडलेल्या ओपोलोटला तो आवाज आज पुन्हा ऐकू आला. पोट मडक्यासारखं टम्म, डोळे पिवळेजर्द.

भोवती अख्खं गाव. मांत्रिक ओमागोरनं दारूच्या मडक्यातली लांब नळी उपसली, जाळीचं टोक ओपोलोटच्या बेंबीवर टेकवलं, गाल खोल ओढले आणि थू! मातीत केसांचा रक्ताळलेला गोळा पडला.

"बघा! पोटात पेरलं होतं! कुणी? रोज ताट वाढणाऱ्या हातानं!"

ओपोलोटचा धाकटा भाऊ ओकिरोर वहिनीवर तुटून पडला. आसेकेन्येला झिंज्या धरून त्यानं फरफटत आणलं. पहिला दांडका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. ओठ फाटला. कुणीतरी रॉकेलचा डबा आणला. ओपोलोटनं मान दुसरीकडे वळवली.

"कबूल कर, चेटकिणी!"

"मारा भाऊजी," ती रक्त थुंकत म्हणाली, "पण आधी नळी बघा. जाळी मी विणलीय. तिच्यातून कोंडा वर येत नाही, एवढा गोळा कसा आला?"

दांडका हवेतच थांबला. जन्मभर त्याच नळ्यांनी प्यायलेल्या गावानं आज नळीकडे पाहिलंच नव्हतं.

"मंत्रानं... भोकं रुंदावतात," ओमागोर बोबडं बोलला.

"मग तोंड का रे भरलंय?" म्हातारी आमोडिंग खेकसली. "आ कर!"

ओकिरोरनं त्याचा जबडा फाकवला. गालातून दुसरा गोळा पडला. दोऱ्यानं बांधलेले केस, वर कोंबडीचं रक्त.

"हा कुणाच्या पोटातला? माझ्या?" म्हातारीनं विचारलं. ओकिरोरच्या ठोशानं मांत्रिकाचे दोन दात त्या गोळ्याशेजारी पडले.

"ते राहू दे," मागून कुणी ओरडलं, "पण पोट फुगलं कशानं? करणी हिचीच!" डब्याचं झाकण उघडलं. रॉकेलचा वास पसरला.

ओपोलोट कोपरावर उठला.

"थांबा! दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला कधीच सांगितलं होतं. मडक्यातली तुमच्यासोबत प्यायचो, आणि कसावा कंदाच्या शेतात लपवलेली कडक दारू पहाटे एकटाच. त्या दारूनं माझं यकृत निबर केलं. रक्ताची वाट अडली, म्हणून पोटात पाणी साचलं. काविळीनं डोळे पिवळे झाले. यात चेटूक नाही रे. हात उचलण्याआधी विचारत जा, तपासत जा."

"दादा, मग मघाशी का नाही बोललास?"

ओपोलोटनं बायकोच्या फाटलेल्या ओठाकडे पाहिलं.

"लाज वाटली. तिला मारत होतात, तरी माझी लाजच मोठी वाटली. सोडा तिला. हे मी केलंय. मी पितो."