ब्याऐंशी किलो

मिस्त्रीने वजनकाटा पायाने ढकलत म्हाताऱ्याच्या खुर्चीसमोर आणला.

"चपला काढून यावर उभे राहा काका. दोन मिनिटांचं काम आहे."

म्हातारा लगेच उभा राहिला नाही. आधी वाकला, काट्यावर तळहात दाबून उचलला आणि आकडा पुन्हा शून्यावर येतो का ते पाहिलं. मग कडेला चिकटवलेला तपासणीचा कागद सावकाश वाचला. वजन-मापे खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला माणूस दुसऱ्याच्या काट्यावर असाच चढतो. त्या छत्तीस वर्षांत एकही खोटं वजन आपल्या नजरेतून सुटलं नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. मिस्त्रीलाही आल्या आल्या ऐकवून झालं होतं.

"काटा बरोबर आहे," तो म्हणाला आणि मगच वर चढला.

"एकोणपन्नास," मिस्त्रीने मोठ्याने वाचलं.

आजारपणाआधी ते त्रेसष्ट होतं. म्हातारा खाली उतरला आणि चपला शोधू लागला. त्याचा मुलगा भिंतीला टेकून फोनमध्ये बघत होता. त्याने मान वर केली नाही, पण आकडा ऐकल्याचं त्याच्या थांबलेल्या अंगठ्यावरून कळत होतं.

गाडी गॅरेजच्या मधोमध उभी होती. दोन सीटची, छोटी, गडद हिरवी. चारही चाकांखाली एकेक चपटा काटा होता आणि त्यांच्या वायरी एका पेटीत गेल्या होत्या. म्हाताऱ्याने ती निवृत्त झाल्याच्या आठवड्यात घेतली होती. अकरा वर्षांत त्याने मुलाला एकदाही चालवू दिली नव्हती. 'तू बसलास की एका बाजूला कलेल बिचारी,' असं म्हणायचा, आणि तेही पाहुणे बसलेले असताना. आज मात्र नाइलाज होता. हाताला अजून ताकद नव्हती, म्हणून इथवर सरळ रस्त्याने मुलाने आणली होती आणि म्हातारा बाजूला जीव मुठीत धरून बसला होता.

तरी तो खुशीत होता. सकाळी मुलगा स्वतःहून म्हणाला होता, "चला, तुमच्या गाडीची चाकं नीट लावून घेऊ." तीन महिने अंथरुणात पडून म्हाताऱ्याने तलावाकडच्या रस्त्याची वळणं मनातल्या मनात मोजली होती. सत्तावीस. आणखी एकदा ती घ्यायची, स्वतःच्या हाताने, एवढंच आता त्याला हवं होतं. त्यासाठी आज त्याने दाढीसुद्धा दुसऱ्या कुणाला करू दिली नव्हती. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं.

मिस्त्रीने वाळूच्या पिशव्या आणल्या आणि एकेक करून चालकाच्या सीटवर रचायला सुरुवात केली.

"मोठ्या गाडीला मी हे करत नाही," तो म्हणाला. "पण ही अंगाने हलकी. चालवणाऱ्याचं वजन धरून लावली तर दोन्हीकडची वळणं सारखी घेते. दहा-बारा किलो चुकलं तरी कुरकुरते. डावीकडे सरळ वागेल, उजवीकडे मागून सैल पडेल."

"अगदी बरोबर," म्हातारा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वजनाची किंमत ओळखणारा भेटला, असं त्याला वाटलं.

"थांबा," मुलगा म्हणाला. फोन त्याने खिशात टाकला. "त्यांचं नका घालू. माझं घाला."

मिस्त्रीच्या हातात पिशवी तशीच राहिली. "काका चालवणार म्हणालात ना?"

"बाबांना आता कुठं चालवायचीय?"

"डॉक्टर तीन महिन्यांनी बघू म्हणालेत," म्हातारा म्हणाला.

"ते तुमच्या तोंडावर तसंच म्हणणार. बाहेर येऊन मला काय सांगितलं ते मला माहीत आहे."

हे त्याने आवाज न चढवता सांगितलं. बरीच वर्षं घडी घालून ठेवलेला कपडा कधीतरी बाहेर काढावा, तसं. म्हाताऱ्याला ते लागलं, चांगलंच लागलं. त्याने रुमाल काढून हनुवटीवरचं वाळलेलं रक्त पुसलं.

"मग बाजूच्या सीटवर काकांचे एकोणपन्नास धरू?" मिस्त्रीने विचारलं.

"बाजूला काही नको. मी एकटाच असेन."

मिस्त्रीने म्हाताऱ्याकडे बघायचं टाळलं. असल्या घरगुती भानगडीत पडायचं नाही, एवढं तो धंद्यात शिकला होता. त्याने काटा मुलाकडे सरकवला.

"या साहेब, उभे राहा."

"गरज नाही. ब्याऐंशी."

"एकदा बघून घेऊ की."

"ब्याऐंशी म्हटलं ना."

मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि घर सोडल्यापासून एकाही काट्यावर चढला नव्हता. लहानपणी दर रविवारी अंघोळ झाली की बाप त्याला खात्याच्या काट्यावर उभा करायचा. इतरांच्या घरी दारावर पोरांच्या उंचीच्या खुणा असतात. यांच्या स्वयंपाकघराच्या दारावर आतून पेन्सिलीने त्याची वजनं लिहिलेली होती. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. एकोणपन्नास. आलेल्या-गेलेल्याला दार उघडून दाखवली जायची आणि लोक हसायचे. पोरगं काट्यावर चढताना श्वास रोखून पोट आत घ्यायचं. बाप म्हणायचा, "काट्याला पोट दिसत नाही रे. वजन दिसतं." हे आठवून म्हाताऱ्याला एरवी अजूनही हसू यायचं.

आता त्याने मुलाकडे नीट पाहिलं. पोत्याकडे नुसतं बघून अर्ध्या किलोच्या आत अंदाज सांगणारी ती नजर होती. गळ्यापाशी ताणलेला सदरा, पट्ट्याचं शेवटचं भोक, टेकलेल्या भिंतीपासून सरळ होताना लागलेला जोर. सत्त्याण्णव. कदाचित अठ्ठ्याण्णव, पण ब्याऐंशी नक्कीच नाही.

मुलाला ती नजर कळली. त्याचा चेहरा रविवारच्या सकाळी काट्यावर व्हायचा तसा झाला. आता बाप तोंड उघडणार, आकडा सांगणार आणि मिस्त्री हसणार, हे त्याला दिसत होतं.

म्हाताऱ्याने रुमालाची घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

ब्याऐंशी किलो वाळू सीटवर चढली. तासभर मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली येत-जात राहिला, पेटीतले आकडे बघत राहिला. पुढची चाकं केसभर आत, मागची त्याहून कमी. एकदा सगळं सोडून पुन्हा केलं. असं काम बघायला म्हाताऱ्याला एरवी आवडलं असतं, आणि खरं सांगायचं तर आताही आवडत होतं.

पिशव्या उतरवल्यावर मुलगा एकटाच चक्कर मारायला गेला. दहा मिनिटांनी परत आला तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्या होत्या.

"डावीकडे मस्त आहे. उजवीकडे वळलं की मागचा भाग सुटल्यासारखा वाटतो."

मिस्त्रीने गाडी पुन्हा काट्यांवर घेतली, पेटी तपासली आणि डोकं खाजवलं. "माझे आकडे तर चोख आहेत. साहेब, वजन नक्की ब्याऐंशीच ना?"

मुलाने सदरा खाली ओढला.

"काका, तुम्ही तर यातलेच," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही सांगा. तुमचा शब्द मला चालेल."

मुलाने बापाकडे पाहिलं. लपवायचं तर आता काही उरलं नव्हतं. फक्त त्याचे डोळे काय मागत होते ते म्हाताऱ्याला स्वच्छ दिसत होतं. इतक्या वर्षांत पोराने त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"ब्याऐंशी," म्हातारा म्हणाला. "बरोबर सांगतोय तो."

मुलाने सोडलेला श्वास मिस्त्रीलाही ऐकू आला. त्याचे खांदे खाली आले, आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की परक्या माणसाला वाटावं, या बापलेकांचं चांगलं जमत असेल.

"मग गाडीत काही नाही," मिस्त्री म्हणाला.

"गाडीत नाहीच," म्हातारा म्हणाला. "माझ्याकडे अकरा वर्षं होती, कधी सुटली नाही. हात लागतो त्याला. ह्याला जमायचं नाही. काही गोष्टी जमतच नाहीत एखाद्याला, त्याला मिस्त्री काय करणार?"

मुलाचे खांदे तिथेच थांबले.

मिस्त्रीला ते बोलणं बरं वाटलं नाही. "साहेब, एकदा काट्यावर चढा ना. काकांचा शब्द आहेच, पण माझ्या समाधानासाठी. चुकलं असेल तर तासाभरात परत लावून देतो. कायमचं काम होऊन जाईल."

काटा तिथेच होता, दोन पावलांवर, शून्य दाखवत. मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. बापही बघत होता, खुर्चीच्या कडेला सरकून, हात गुडघ्यांवर ठेवून.

"नको," मुलगा म्हणाला. "राहू दे. सवय होईल."

"होईल, होईल," म्हातारा म्हणाला.

तो उठला, मिस्त्रीने पुढे केलेला हात त्याने घेतला नाही, आणि ज्या सीटवर कुणाचंच वजन धरलेलं नव्हतं तिथे जाऊन बसला. पट्टा लावायला वेळ लागला, पण लावला. मुलगा दुसऱ्या बाजूने आला. दार उघडून आत वाकताना त्याने श्वास रोखला आणि पोट आत घेतलं.

म्हाताऱ्याने ते पाहिलं. मग तो समोरच्या काचेतून बाहेर बघू लागला.

"सरळ रस्त्यानं नको," तो म्हणाला. "तलावाकडून घे. सत्तावीस वळणं आहेत, मी मोजतो."