आधी कोणी ठेवायचा

माणसाचं दुःख मोजता येत नाही. टेलिफोनच्या धंद्यात मात्र ते एका फोनमागे सेकंदाला सत्त्याऐंशी किलोबिट धरतात, हुंदक्यालाही तेवढंच.

परळच्या एका धर्मादाय इस्पितळाच्या चौकशी केंद्राला नवं इंटरनेट हवं होतं. किती लागेल, ते नेटवर्कचं काम बघणाऱ्या अनुजाने काढायचं होतं. बोलणारी बारा टेबलं, रांगेत ताटकळणारे अकरा. तेवीस गुणिले सत्त्याऐंशी, दोन हजार एक.

"मंजुरी दोन हजारांची आहे," व्यवस्थापक विनीत म्हणाला. "एक कमी करा."

"एक किलोबिट?"

"एक बाई. सगळ्यांचा फोन तीन मिनिटांत आटपतो, शेवंतीताईंचा अकरा. रांग वाढते ती त्यांच्यामुळे. रिपोर्टात तसं लिहा, मी त्यांना रेकॉर्ड रूममध्ये टाकतो."

लिहिण्याआधी अनुजाने शेवंतीताईंच्या एका फोनचं रेकॉर्डिंग लावलं. फोनवर कणकवलीचे रामजी. बायको इथे चौथ्या मजल्यावर, ते गावी एकटे. ताप उतरलाय, सोमवारी टाके काढणार. दोन मिनिटांत माहिती संपली. मग रामजी:

"ठेवतंय हां, बाय."

"होय, ठेवा."

"ठेवतंय."

"जेवलात काय?"

"नाय."

"मगे जेवा. मी आसंय."

पुढे सात मिनिटं नुसता ताटलीचा आवाज. मध्ये रामजी एकदाच बोलले, "मीठ कमी झालां."

"मगे घेवा थोडां," शेवंतीताई म्हणाल्या.

दुपारी अनुजाने त्यांना गाठलं. "ताई, तुम्हीच का नाही ठेवत?"

शेवंतीताई लालबागच्या, बावीस वर्षं याच खुर्चीत. "खुळी की काय गो? इस्पितळाने आधी ठेवायचा नसतो. आपण खट्कन ठेवला की माणसाला वाटतं, वर काहीतरी झालं. मग जेवत नाही तो."

अनुजाने रिपोर्ट लिहिला: गरज दोन हजार एक. शेवंतीताईंच्या फोनचा वेळ कमी करता येत नाही. तो कामाचाच भाग आहे.

विनीतने ते दोनदा वाचलं. "एका किलोबिटसाठी भांडताय मॅडम," म्हणाला, आणि वाढीव मंजुरीच्या अर्जावर सही केली.

अर्ज तीन आठवड्यांनी, आणखी चार सह्या घेऊन, इंटरनेटवाल्यांकडे पोचला. त्यांच्याकडचं सगळ्यात लहान कनेक्शन एक लाख किलोबिटांचं होतं.