कुठे बघायचं ते

जरा माझ्यासोबत एक घर डोळ्यांसमोर आणा. पहिल्या खोलीत खिडकीला अर्धाच पडदा, टेबलावर दोन स्क्रीन, गार झालेला चहा आणि नखं कुरतडणारी एक आई. दाराच्या पलीकडे दुसरी खोली. तिथे पलंगावर तापाने फणफणलेला एक छोटा मुलगा. कुणाच्याही शर्टाचं बटण तोंडात घालायचा, म्हणून घरात त्याचं नाव गुंड्या. त्याच्या उशाशी त्याची ताई. तिला टकळी म्हणत; का म्हणत, ते मी सांगायला नको.

आणलंत घर? आता त्यात थोडी भीतीही ठेवा.

सकाळी डॉक्टरबाईंनी गुंड्याला तपासून औषध दिलं होतं आणि आईला बजावलं होतं, "श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर फोन करत बसू नका. आहे तसा उचलून घेऊन या." बाबा परगावी. आईला संध्याकाळच्या आत काम पाठवायचं होतं, कारण पुढच्या सगळ्यांचं काम तिच्यापाशी अडलं होतं. म्हणून तिने टकळीला पलंगाशी बसवलं. गुंड्या कुडकुडत होता, तेव्हा त्याची गोधडी हनुवटीपर्यंत ओढून दिली आणि म्हणाली, "खड्डा पडला की हाक मार. दुसरं काही करायचं नाही. फक्त बघायचं."

टकळी बसली. चक्क गप्प बसली, यावरूनच ओळखा.

"पडला का गं?" आई मधूनमधून विचारी.

"नाही!"

"एकदाही?"

"एकदाही नाही!"

आई हुश्श करी आणि पुन्हा स्क्रीनकडे वळे.

आता आईचं काम काय, ते सांगतो. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये मोजणारे इवलेसे भाग असतात. त्यांना काउंटर म्हणतात. प्रोसेसर एखादी गोष्ट आधी जवळच्या खणात शोधतो. तिथे नसली की त्याला लांबच्या कोठारात जावं लागतं आणि वेळ जातो. अशी खेप किती वेळा झाली, हे काउंटर मोजतो. पण त्याला आपली भाषा कळत नाही, फक्त आकडा कळतो. त्या आकड्याचे दोन भाग असतात: एक सांगतो घटना कोणती, दुसरा सांगतो तिच्यातला कोणता प्रकार. आई सी भाषेत एक लायब्ररी लिहीत होती, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड. तुम्ही घटनेचं नाव द्यायचं, लायब्ररी त्याचा आकडा करून काउंटरला देणार.

त्या दुपारी नव्या प्रोसेसरवर तिने लांबच्या खेपा मोजायला लावल्या आणि उत्तर आलं शून्य.

"शून्य?" फोनवर मास्तर हसले. आईबरोबर काम करणाऱ्या या गृहस्थांना सगळे मास्तरच म्हणत. "अहो बाई, मग नाचा की! पाठवून द्या आणि पोराकडे बघा."

"एवढा अवाढव्य प्रोग्रॅम, आणि एकदाही लांब जावं लागलं नाही? शून्य येतंच कसं, मास्तर?"

"तुम्हाला ना, चांगलं झालेलं बघवत नाही."

"नाहीच बघवत," म्हणून आईने फोन ठेवला.

मग ती आपलाच कोड ओळीमागून ओळ वाचत गेली. घड्याळाकडे बघे, दाराकडे बघे, पुन्हा वाची. शेवटी तिने कपाळावर हात मारला, तो आवाज ऐकून टकळी दारात आली.

"काय झालं, आई?"

"माझा वेंधळेपणा झाला. आकड्याचा पहिला भाग दिला आणि दुसरा भाग रिकामाच राहिला. घटना सांगितली, पण तिच्यातलं काय मोजायचं तेच सांगितलं नाही."

"मग त्याने सांगायचं ना, मला कळलं नाही म्हणून!"

"तो कशाला सांगेल? त्याच्या मते तो नीटच मोजत होता. डोळे उघडे ठेवून बसला होता बिचारा. मोजण्यासारखं काही त्याच्यासमोर आलंच नाही, म्हणून शून्य."

"म्हणजे तिकडे होत होतं?"

"होत असेल, नसेलही. या शून्यावरून काहीच कळत नाही, बाळा. तेच तर वाईट."

आई पुन्हा टाइप करू लागली. टकळी मात्र तिथेच उभी राहिली. खड्डा कुठे पडणार होता? बरगड्यांखाली. आणि ती दुपारभर काय बघत होती? गुंड्याचा चेहरा. बरगड्या तर गोधडीखाली होत्या. गोधडीला हात लावला की तो रडे, म्हणून तिने ती हलवलीच नव्हती.

आई रागावेल, हे तिला ठाऊक होतं. आईचं काम आत्ता कुठे मार्गी लागत होतं, हेही दिसत होतं. ती पलंगाशी गेली. गुंड्या किरकिरला, तरी तिने गोधडी बाजूला केली, सदऱ्याची बटणं काढली आणि वाकून पाहिलं.

श्वास आत गेला की बरगड्यांखालची कातडी खोल ओढली जात होती. पुन्हा. पुन्हा.

"आई! खड्डा! आई, मी चुकीचं बघत होते!"

पुढचं सगळं धावतपळत झालं. स्क्रीन तशीच चालू राहिली. आईने गुंड्याला छातीशी धरलं, शेजारच्या काकूंनी गाडी काढली. रस्ताभर टकळी त्याचा सदरा उघडा धरून बसली होती.

डॉक्टरबाईंनी आधी गुंड्याच्या तोंडावर वाफेचा मास्क लावला. मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, "खड्डा कधीपासून पडतोय? नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरवायचंय."

आईने टकळीकडे पाहिलं. दुपारभर 'एकदाही नाही' म्हणणारी तीच होती. 'आत्ताच' म्हटलं असतं, तर कुणीच रागावलं नसतं.

टकळीने गुंड्याचा पाय घट्ट धरला आणि म्हणाली, "मला माहीत नाही. दुपारी मी तिथे बघितलंच नव्हतं."