गेटाबाहेरची भाजी

त्या शुक्रवारी सकाळी मी लाल माठ निवडत बसले होते. सालमियात आमच्या मागच्या गल्लीतल्या केरळी दुकानात तो मिळतो. अळू, शेवगा, सुरणही मिळतं. समोर जमइया आहे, म्हणजे वस्तीचं सहकारी दुकान. तिथे दहा देशांची फळं पॉलिश केल्यासारखी रचलेली असतात. कुवेतमध्ये वस्ती म्हटली की तिची जमइया आलीच. बाबा अम्गऱ्याच्या पलीकडे कंपनीच्या कॅम्पात राहायचा. तिथे भंगाराचे यार्ड, वर्कशॉप आणि सिमेंटच्या पायपांचे ढीग. शेकडो माणसं रात्री तिथेच झोपतात, पण ती वस्ती धरली जात नाही. त्यामुळे जमइया नाही, भाजीबाजार नाही, आणि सार्वजनिक बस हमरस्त्यावरूनच पुढे निघून जाते.

माठाची भाजी, मुगाचं कढण आणि नाचणीच्या भाकऱ्या डब्यात भरून मी टॅक्सीने निघाले.

गेटवर पहारेकरी मुस्तफा होता. तो इजिप्तचा, वयस्कर, तोंडावर कायम ओशाळलेपण. त्याने डब्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बाहेरचं शिजवलेलं अन्न आत न्यायला बंदी. कधीतरी कोणाला तरी विषबाधा झाली होती, तेव्हापासून. खोलीत शेगडी ठेवायलाही बंदी.

"मुस्तफाभाई, भाजी है. बाप को देनी है."

"मालूम है, बेटी. मेरे को मत बोलो, ऑफिस को बोलो."

तेवढ्यात बाबा बाहेर आला. धुतलेला शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला.

"इलंस गो? कित्याक भांडतंस त्या गरिबाशी? चल, आपण भायर बसूया."

"जेवलंस?"

"खाना खाल्लंय. जेवक नाय."

हा त्याचा जुना विनोद. मेसवर मिळतो तो खाना आणि घरी असतं ते जेवाण. खाना म्हणजे भात, पाणीदार डाळ, तेलाचा तवंग आलेला कोंबडीचा रस्सा, आणि रात्री तेच खुबूससोबत. खुबूस म्हणजे मैद्याची मोठी रोटी. साखरेचा आजार असलेल्या माणसाला दोन्ही वेळा तेच. सोमवारी आणि श्रावणात रस्साही बाद, मग नुसता भात आणि डाळ.

कॅम्पाच्या भिंतीच्या सावलीत एक तुटका कंटेनर पडला होता, त्याच्या कडेवर आम्ही बसलो. भंगाराचे ट्रक समोरून जात होते. प्रत्येक ट्रकला बाबा डब्यावर हात आडवा धरायचा, धूळ जाऊ नये म्हणून. पालेभाजी खायला त्याला असं गेटाबाहेर यावं लागायचं.

"बकाल्यात काय नाय?" मी विचारलं. कॅम्पाच्या आवारात एकच दुकान होतं, त्याला सगळे बकाला म्हणत.

"आसा ना! केक आसा, चिप्स आसा, पेप्सी थंडगार. कांदे-बटाटे आसत. कोबी पावण्यासारखो येता, इलो तर इलो." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "अशरफ येय तेव्हा बरा होता."

अशरफ हा बांगलादेशी भाजीवाला. गेल्या हिवाळ्यात तो पिकअप घेऊन कॅम्पाच्या गेटाशी यायचा. काकड्या, गाजरं, टोमॅटो, पानांसकट मुळे. शेगडीवाचून खाता येईल असं सगळं. माणसं कामावरून आल्यावर मीठ लावून काकड्या खात उभी राहायची. बाबाची साखर मी हॉस्पिटलातल्या माझ्याच लॅबमध्ये तपासायचे. त्या हिवाळ्यात ती उतरली होती. मग बकाला चालवणाऱ्याने ऑफिसात तक्रार केली, आणि ऑफिसने स्वच्छतेचं कारण देऊन अशरफला गेटाशी थांबायला मनाई केली. साखर पुन्हा चढली. मी गोळी वाढवून आणली. दुसरं माझ्या हातात काय होतं? त्याला सालमियात आणावं, तर कंपनीची बस पहाटे कॅम्पातूनच सुटायची आणि बाहेर राहिलेल्या माणसाला कंपनी ठेवत नव्हती.

आम्ही जेवत असताना एक पांढरी गाडी आमच्यापाशी थांबली. काच खाली झाली. दिनकर होता. पुण्याचा, कंपनीचा वेलफेअर ऑफिसर, वयाने माझ्याएवढाच. कॅम्पाच्या पाट्यांखाली सही त्याचीच असायची.

"काय जयरामकाका, पिकनिक?"

बाबा उठून उभा राहिला. हाताला भाजी लागलेली, म्हणून हात मागे घेतला. "चेडू इला हा साहेब, मुलगी माझी. भेटायला."

"वा वा. मॅडम, तुम्ही हॉस्पिटलमधल्या ना? जरा समजवा काकांना. शुगर केवढी आहे त्यांची! पथ्य पाळायला नको?"

मी तोंड उघडलं. बाबाने माझं मनगट धरलं. सुताराचा हात, पकड अशी की हाड कळावं.

"होय साहेब, पाळतंय," तो हसून म्हणाला. गाडी आत गेली. मग मला म्हणाला, "गप रव. माझी नोकरी आसा, तुझी नाय. काँट्रॅक्ट संपूक दे, मग काय ता बोल."

डबे त्याने बाटलीतल्या पाण्याने विसळून दिले. टॅक्सी वळेपर्यंत तो गेटाशी उभा होता, मुस्तफाला काहीतरी सांगून हसवत.

दोन दिवसांनी साइटवर फळी कापता कापता तो खाली बसला. दत्तप्रसादला, त्याच्या खोलीतल्या आमच्या गावच्या माणसाला, वाटलं की पेन्सिल पडली असेल, ती शोधतोय.

हृदयाचा झटका, असं मृत्यूच्या कागदावर लिहिलं होतं. कागदाबद्दल माझी तक्रार नाही. बाबाला घेऊन मी गावी गेले, कार्य उरकलं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस अंगणात चपला काढता काढता तेच विचारायचा. साखर होती ना? मग पथ्य नव्हतं का? पथ्य या शब्दात किती सोय आहे, ते मला तिथे कळलं. तो उच्चारला की मेलेला माणूस आपल्या मरणाला स्वतः जबाबदार होतो आणि बाकीचे चहा घ्यायला मोकळे होतात.

मी परत निघाले त्या दिवशी आईने मला आत बोलावलं. आईचं नाव मालन. बाबा घरी असताना तिला कधी नावाने हाक मारायचा नाही, फोनवर मात्र मारायचा.

"खरा सांग गो. थंय तो गोडधोड खाय? दिनकरसाहेबाचो फोन इल्लो. म्हणालो, काकांनी खाण्यावर ताबा ठेवूक होयो होतो."

"नाय गो आई."

"मग लोक कित्याक सांगतत?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. परातीतल्या तांदळातला खडा शोधत राहिली. इतकी वर्षं एकटीने घर ओढलेल्या बाईला आता वाटत होतं की नवऱ्याने जिभेपायी तिला पाठ दाखवली. तिला खरं काय ते सांगून भागणार नव्हतं. ज्याने खोटं सांगितलं त्याच्या तोंडून ते मागे घ्यायला हवं होतं.

कुवेतला पोचले आणि त्याच आठवड्यात दिनकरचा मला फोन आला. आवाज मऊ.

"विशाखाताई, काकांच्या स्मरणार्थ कॅम्पात डायबेटिस अवेअरनेसचा कार्यक्रम ठेवलाय. तुम्ही त्यांच्या कन्या, शिवाय मेडिकल लाइनमधल्या. दोन शब्द बोला. पथ्याचं महत्त्व. आमच्या माणसांवर परिणाम होईल."

मी "येते" म्हणाले. तो खूश झाला.

मेसच्या हॉलमध्ये बाकं मांडली होती. भिंतीवर मोठं पोस्टर: एका ताटाचे भाग पाडलेले, अर्ध्यात ब्रोकोली, रंगीत मिरच्या आणि कसलीशी लाल पानं, बाजूला गुलाबी मासा, स्ट्रॉबेऱ्या. खाली हिंदी, अरबी, इंग्रजीत 'तुमचं आरोग्य तुमच्या हातात'. मागे स्वयंपाक्याने रात्रीच्या भाताचं पातेलं लावलेलं, त्याची वाफ पोस्टरवर येत होती.

दिनकरने माइकवर प्रस्तावना केली. जयरामकाका मनमिळाऊ होते. त्यांनी थोडं पथ्य पाळलं असतं, तर आज ते आपल्यात असते. दत्तप्रसादने मान खाली घातली.

पुढच्या बाकावरच्या तौफीकने हात वर केला. "मॅडम, ये हरा वाला फूल क्या है?"

"फूलगोभी का सेठ है," मागून कोणीतरी म्हणालं. हॉल हसला.

"और मिलता किधर है?"

"बकाले में चिप्स के पीछे देख!"

पुन्हा हशा. दिनकरही हसला, टाळी वाजवून शांत करत म्हणाला, "हां हां, मजाक बाद में." आणि माइक माझ्या हातात दिला.

भाषण मी हिंदीत तयार करून आणलं होतं. पण मी वळले दिनकरकडे, त्यामुळे मराठीच आलं. हॉलमधल्या बऱ्याच जणांना ते कळत नव्हतं. दत्तप्रसाद हळू आवाजात शेजाऱ्यांना सांगू लागला, आणि बाकांवरून ते मागे मागे जात राहिलं.

"दिनकर, माझ्या बापाने पथ्य मोडलं नाही. पथ्याची भाजी गेटाशी यायची, ती तुम्ही बंद केलीत. मी शिजवून आणली, ती तुमच्या पाटीने आत येऊ दिली नाही. शेगडी तुम्ही काढून घेतलीत. मग दोन्ही वेळा मैदा आणि भात वाढून तुम्ही त्याला विचारलंत, पथ्य का पाळत नाही."

"ताई, तुम्ही दुःखात आहात—" त्याने माइककडे हात केला.

मी माइक सोडला नाही. "त्या शुक्रवारी तुम्ही काच खाली करून पिकनिक म्हणालात, तेव्हाच मी हे बोलणार होते. त्याने माझा हात धरला. त्याला तुमची भीती होती, म्हणून मी गप्प राहिले. आता तुम्ही त्याला कामावरून काढू शकत नाही. तुम्ही माझ्या आईला फोन करून सांगितलंत, तो जिभेपायी मेला. तिला पुन्हा फोन करा. आत्ता, या सगळ्यांसमोर. तिला सांगा की तो भाजी मागत होता, आणि ती तुम्ही अडवलीत."