नाव नसलेली चेटकीण

रंजीताने चेटकीण लिहिली आणि तिला नावच दिलं नाही. मुद्दाम. नाव दिलं की भीती निम्मी होते, असं तिचं मत होतं, आणि दहावीत गेल्यापासून रंजीताकडे मतांना काही तोटा नव्हता.

एटापल्लीच्या शाळेत स्नेहसंमेलनात तिने ती गोष्ट माईकवर वाचली. बांबूच्या बनात राहणारी 'ती'. तिची सावली तिच्याआधी गोठ्यात शिरायची आणि जनावराचा श्वास चाटून परत यायची. मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना चिकटून बसली. टाळ्या अशा पडल्या की रंजीताला दोन दिवस जमिनीवर चालणं जमेना. सुरजने, म्हणजे तिच्या चुलतभावाने, ते मोबाईलवर रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर टाकलं.

इथेच घोळ झाला. त्यांच्या गावात चेटकिणीचं नाव कुणी तोंडाने घेत नाही. 'ते' म्हणायचं, समोरचा काय ते समजतो. गावाने गोष्ट ऐकली आणि मान हलवली: पोरीने नाव घेतलं नाही, म्हणजे बाई खरी आहे. त्याच आठवड्यात सुकलूचा बैल पोट फुगून मेला. मग 'ते' कोण, हे ठरायला किती वेळ लागतो? ओढ्यापलीकडे एकटी राहणारी, कुणाचं ऐकून न घेणारी बुधरी. रविवारी बैठक ठरली, तिला गावातून काढायची.

रंजीता होस्टेलवरून सकाळच्या बसने आली. आई म्हणाली, "तू घरीच राय." रंजीता चप्पल न काढताच बैठकीकडे निघाली.

मोहाच्या झाडाखाली सगळा गाव बसला होता. बुधरी एका बाजूला, पाठ ताठ. तिच्याभोवती बैलगाडी वळेल एवढी जागा रिकामी.

"रंजीता, इथी मोठे बोलून राह्यले," गावपाटील पोचू म्हणाला.

"माझ्याच गोष्टीवर बोलून राह्यले ना, पाटील? मंग लिहिनारीले नाई बोलवा लागत?"

बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. सुकलू मात्र उठून उभा राहिला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"सांग मंग. कोन आहे ते?"

"कोनीच नाई, सुकलूभाऊ. मी बनवली."

"बनवली म्हने. सावली गोठ्यात जाते, तुले कसं माहीत? माझा बैल तसाच गेला."

"बैल काऊन गेला ते जनावराच्या डॉक्टरले विचारा. सावलीचं मले विचारा."

"मंग नाव काऊन नाई घेतलं?"

रंजीता बोलायला गेली आणि थांबली. बसमध्ये ती साऱ्या गावाला मनात अडाणी म्हणत आली होती. आता तिला कळलं, यांनी गोष्ट नीटच ऐकली होती. यांच्या रीतीने तिचा अर्थ एवढाच होत होता.

"राह्यलं होतं," ती म्हणाली. "आता ठेवते. तिचं नाव रंजीता."

मागोमाग आलेल्या तिच्या आईने पदर तोंडाला लावला.

"रंजीता चेटकीण होस्टेलमध्ये राहते," रंजीताने सुरू केलं, माईकवर वाचलं होतं त्याच आवाजात. "रंजीता एटापल्लीच्या बसने येते. रंजीताचं तिकीट लागते, सावली टपावर फुकट बसते. कंडक्टरले रंजीताचा लय राग, पन सावलीले उतरवता येत नाई."

पहिल्यांदा नाव आलं तेव्हा बायकांनी कान झाकले होते. मग हात हळूहळू खाली आले. रंजीताची सावली घाटात ओकली तेव्हा पोरं "रंजीता, रंजीता" ओरडायला लागली, आणि त्यांना कुणी दटावलं नाही.

"बस झालं," सुकलू म्हणाला. "हे तर लच्छूभाऊची पोरगी. शेंबडी होती तवापासून पाहून राह्यलो हिले. हिच्यानं काय होते?"

"मंग बुधरीबाईच्यानं काय होते? तिले तर तुम्ही तुमच्या लहानपनापासून पाहून राह्यले. घ्या ना तिचं नाव."

सुकलूने ओठ उघडले, मिटले. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने एकदा पाटलाकडे पाहिलं. पाटील जमिनीकडे पाहत होता.

"बुधरीबाई," तो म्हणाला. अगदी हळू.

"काय रे?" बुधरी म्हणाली, जशी कुणीही हाक ऐकल्यावर म्हणते.

सुकलू दोन पावलं तिच्याकडे आला. "माझा बैल मेला, बाई."

"माहीत आहे ना. तुह्या घरी बसायले आली होती मी. तूच दार लावून घेतलं."

सुकलू मटकन खाली बसला, त्या रिकाम्या जागेतच, आणि रडायला लागला. बुधरी सरकून त्याच्याजवळ गेली. "कोन्ता रे, तो बांडा का दुसरा?" ती विचारत होती.

रंजीताच्या गोष्टीत अजून बरंच उरलं होतं, सावली उडायची सुद्धा राहिली होती. पण आता तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. ती गुपचूप आईजवळ जाऊन बसली.