गुडघ्याखालून कॉफी

हंबीररावांनी जमिनीवर हात फिरवला. बोटं आधी बशीला लागली, मग गरम चहात बुडाली. त्यांनी ती धोतराला पुसली.

विजयमालाचं डोकंच फिरलं. मोतीबिंदू काढून चार दिवस झालेले, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, ती परवा सुटणार. आणि सासूबाई चहा नेहमीसारखा जमिनीवर आदळून गेल्या! सासरच्या गावी, कुंडलला गेलं की ती हे बघायची. मनुबाई नवऱ्याच्या हातात कधी काही देत नसत. जुन्या माणसांची तऱ्हा म्हणून ती गप्प बसायची. पण इथे शहरात, विश्रामबागेत, तिच्या स्वतःच्या घरात, न दिसणाऱ्या माणसाशी असं वागायचं म्हणजे अतीच झालं.

"मी देते हातात, मामंजी."

"नगं. तू वाच. कुठवर आलती तुजी बाई?"

बाई म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी घोड्यावरून अल्बेनियाचे डोंगर हिंडलेली एक परदेशी प्रवासी. विजयमाला कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि घरी आल्यावर त्या बाईच्या पुस्तकाचा अनुवाद करायची. झालेली पानं ऐकायचा सासऱ्यांना नादच लागला होता. उघडे कातळ, दगडी घरं, खिडक्यांऐवजी बंदुकीपुरती भोकं, हे सगळं ते खुशाल आपल्या सागरेश्वराच्या डोंगरावर नेऊन बसवायचे.

तिने वाचायला घेतलं.

"घरात येऊन भाकरी खाल्ली की पाहुण्याचा जीव घरधन्याच्या ओटीत. त्या पाहुण्याला कुणी मारलं आणि घरधन्याने सूड घेतला नाही, तर त्याला मान उरत नाही. चारचौघांत त्याला कॉफी देतात ती हातात नाही, देणाऱ्याच्या गुडघ्याखालून. तो ती मुकाट्याने पितो."

हंबीरराव बसल्या जागी वळले. कोपऱ्याकडे पाठ केली. त्या कोपऱ्यात एका छत्रीशिवाय काही नव्हतं, पण आल्या दिवसापासून ते तिकडे तोंड करून बसत नव्हते.

"किती वर्सं देत्यात गुडघ्याखालनं?"

"ते लिहिलेलं नाही."

त्यांनी पुढची बशी चाचपून बाजूला सारली.

"कृष्णात," मग म्हणाले, "तुज्या सासूचा धाकला भाऊ. बेचाळीसच्या चळवळीत फरारी हुता. आमच्यात जेवला आन् पोलीस आलं. म्या त्येला कोपऱ्यातल्या कणगीत बसवला. फौजदारानं इचारलं, म्या न्हाई म्हनलो. लय मार खाल्ला, पोरी, पन न्हाईच म्हनलो. तेवढ्यात माजी नजर गेली कणगीकडं. येकदाच."

"मग?"

"तुरुंगातनं त्येची कापडं आली नुसती. येकतीस वर्सं झाली." त्यांनी पट्टीवर बोटं ठेवली. "फौजदाराच्या आदी माजी नजर तुज्या सासूनं बघितली हुती."

विजयमालाला एकदम आठवलं. कुंडलच्या माजघरातली ती रिकामी कणगी. भर सुगीतही तिच्यात दाणा पडत नसे, आणि मनुबाई तिच्यावर कुणाला झाकण ठेवू देत नसत. विजयमाला त्यावर कितीदा हसली होती! आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

मनुबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

"त्यो मेलेला पावना काय म्हनतो, ते लिवलंय का तुज्या बाईनं?"

"नाही, आत्याबाई."

"मग अर्दंच लिवलंय."

त्या आत गेल्या आणि दुसरा चहा घेऊन आल्या. वाकून त्यांनी कप जमिनीवरच ठेवला. विजयमालाने मान वळवली. तिला आता रागही येईना.

बांगड्या वाजल्या म्हणून तिने पाहिलं. मनुबाई खाली बसल्या होत्या. नवऱ्याचं मनगट धरून त्याची बोटं त्या कपाच्या कानात अडकवत होत्या.

"आगं..." हंबीरराव म्हणाले.

"पट्टी हाय तवर," मनुबाई म्हणाल्या.