दात पडलेली फिरकी

मी फिरकी बोलतेय. क्रिकेटवाल्यांची नाय हो! करंजीची कडा कापतात ना, ती. कुणी मला कातण म्हणतं, कुणी चिरणी. आमच्या घरात फिरकी. नावच असं, की चारचौघांची फिरकी घेतल्याशिवाय मला चैन पडत नाय. पण या दिवाळीला माझीच अशी काय घेतली गेली, की अजून मान वर होत नाय.

अंगाने मी पितळेची. शेवंतीच्या रुखवतात करंज्यांच्या ताटाशेजारी मला मांडली होती, तेव्हा नवरीपेक्षा मीच जास्त चमकत होते. तिचा नवरा गुणाजी गिरणीत कामाला. कांदिवलीच्या बैठ्या चाळीत त्यांची एक खोली, आणि त्या खोलीतल्या फळीवर मी.

दिवाळी जवळ आली की चाळीतल्या बायका दुपारच्या एकेकीच्या घरी जमायच्या. आज शेवंतीकडे, उद्या समोरच्या उत्तराकडे. कुणी पारी लाटायची, कुणी सारण भरायची, पोरं सारणाच्या परातीभोवती माशांसारखी. माझ्यासारखी धार अख्ख्या चाळीत कुणाची नाय. "शेवंते, फिरकी दे गो!" अशी हाक आली की निघाली माझी स्वारी.

शेवंती माझ्याहून वांड. नवी सून चाळीत आली की एका करंजीत ती सारणाऐवजी लाल तिखट भरायची, आणि गोड हसून नेमकी तीच पुढे करायची. उत्तरा नवी नवरी होती तेव्हा तिलाही दिली. पोरीने सगळी खाल्ली. डोळ्यांतून धारा. आणि म्हणते काय, "झकास झालीय हो वहिनी, अजून एक द्या!" त्या दिवसापासून दोघींचं जमलं ते जमलंच.

माझा दात पाडला नितेशने, शेवंतीच्या मुलाने. हा जो आता गळ्यात टाय बांधून मीटिंगा घेतो ना, तोच. लहानपणी मला गाडी समजून फरशीवर घर्र घर्र फिरवायचा. गेला एक दात. तेव्हापासून मी कापलेल्या कडेला मधेच एक जागा सपाट राहते. बायका लगेच ओळखायच्या. "ही बोळकी करंजी म्हंजे शेवंतीच्या फिरकीची!"

आता एक रीत सांगते, ती नीट ऐका. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाय. तळण नाय, रांगोळी नाय. पण आमच्या चाळीत अशा घरातला डबा कधी रिकामा राहिला नाय. आपल्या घरातला पहिला घाणा निघाला की पहिलं ताट तिकडे. कुणी कुणाला सांगायचं नाय, बोलवायचं नाय.

गुणाजी गेला त्या वर्षी उत्तरा ताट घेऊन आली आणि शेवंतीला चिकटून बसली.

"खा गो."

"नको वाटता."

"तुझ्याच फिरकीने कापलीय. तिचा तरी मान ठेव."

शेवंतीने खाल्ली. रडत रडत खाल्ली, पण खाल्ली.

मग चाळ पडली. तिथेच टॉवर उभा राहिला आणि सगळ्यांना त्यात फ्लॅट मिळाले. दोन दारांमधे जिथे पाच पावलं होती तिथे लिफ्ट आली. शेवंती काही वर्षांनी गेली. सून अनुपमा आधी रजा टाकून करंज्या करायची. मग रजा मिळेना, मग साचा आणला, मग साचाही माळ्यावर गेला आणि फराळ फोनवरून यायला लागला. तिला मी बोल लावत नाय. सकाळी जाते, अंधार पडल्यावर येते, तिने पारी कधी लाटायची?

मी ड्रॉवरात पडले. शेजारी पिझ्झा कापायचं चाक. मेल्याच्या तोंडात एक दात नाय, आणि तोरा बघा! एकदा नात श्रुतिकाने मला उचलून विचारलं, "मम्मी, हे काय खेळणं आहे?" पिझ्झाचं चाक तेव्हा फिदीफिदी हसलं.

या वर्षी दिवाळी तोंडावर आली आणि उत्तरा दारात.

"अनू, शेवंतीची फिरकी आहे का गं? माझी सापडत नाय."

अनुपमाच्या कानाला फोन. "घ्या ना काकू. ठेवूनच घ्या. आमच्याकडे आता कोण करतं!"

"असं बोलू नको गं, ऐकते ती."

मी कसली खूश! उत्तराच्या ओट्यावर नुसती गरगरत होते. खोबरं भाजल्याचा वास, कढईची चुरचुर. म्हटलं, आले जुने दिवस परत! एवढ्या ढीगभर करंज्या कशाला, हे विचारायचं सुचलं नाय. बाकीच्या बायका कुठायत, हेही नाय. उत्तराच लाटत होती, उत्तराच भरत होती, उत्तराच तळत होती. एकटी.

मग तिने मला धुऊन बाहेरच्या टेबलावर सुकत ठेवली, आणि समोरच्या भिंतीवर भाऊराव दिसले. उत्तराचा नवरा. फोटोत. हार घातलेला.

श्रावणात गेले म्हणे. ड्रॉवरातल्या बाईला कोण सांगणार? पण घरात पाय ठेवल्या ठेवल्या मला कळायला नको? उंबऱ्याबाहेर रांगोळीचा ठिपका नव्हता. ज्या घरात कढई चढू नये, त्या घरात मी नाचत होते. चांगली कमरेवर हात ठेवून!

संध्याकाळी तेजल आली. सोसायटीतल्या फराळाच्या ऑर्डरी तीच घेते.

"काकू, झालं का? लोकांनी डोकं खाल्लंय यार माझं. हा पाचव्या मजल्याचा डबा. आणि हा अनुपमाताईंचा."

अनुपमाताईंचा! म्हंजे माझ्याच घरासाठी मी कडा कापत होते. ज्या घरातून इथे ताट यायला हवं, त्या घरात इथून डबा चालला होता. जमीन फाटली असती तर मी टेबलावरून सरळ आत उडी मारली असती.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या सकाळी बेल वाजली. अनुपमा. केस ओले, हातात अर्धी खाल्लेली करंजी.

"काकू, ही तुम्ही केलीत?"

"का गं, खोबरं खवट लागतंय?"

"नाय ओ. ही कडा बघा. श्रुतिका म्हणाली, मम्मी सगळ्या डिफेक्टिव्ह आल्यात, परत पाठव. मी बघितलं तर... हा आमच्या फिरकीचा दात."

"वाट लागली! चोरी पकडली माझी," उत्तरा हसली.

अनुपमा हसली नाय. तिने फोटोकडे बघितलं, मग खाली बघितलं. "काकू, यंदा तुमच्याकडे तळण..."

"हो गं. करायचं नसतं." उत्तराने पदराला हात पुसले. "पण दोन पैसे लागतात, आणि बसून राहिलं की घर खायला उठतं. आणि खरं सांगू? रीत पाळायला शेजारी माणसं लागतात. चार दिवस वाट बघितली, कुणी ताट आणतंय का. मग कढई काढली."

"तुम्ही खाल्लीत?"

"स्वतःच्या हातची कशी खाऊ?"

अनुपमाच्या हातातली करंजी कुठे ठेवावी तेच तिला कळेना. खाववेना, टाकवेना. शेवटी पुटपुटली, "फिरकी देता?"

घरी दोघी मायलेकी ओट्याशी उभ्या राहिल्या. श्रुतिका मोबाईलवर बघून सांगत होती, अनुपमा विसरलेलं आठवत होती. पारी जाड, सारण ओलं. अर्ध्या करंज्या तेलात फुटल्या. श्रुतिकाने मला असं दाबलं की कडेबरोबर करंजीचं पोटही कापलं गेलं. मी हूं की चूं केलं नाय. माझी कुठे लायकी होती कुरकुरायची?

ज्या जगल्या त्या ताटात घालून उत्तराकडे नेल्या. मलाही अनुपमाने मुठीत धरून नेलं.

उत्तराने एक उचलली, फिरवून बघितली. "अनू, ही करंजी आहे की समोशाची मावशी?"

श्रुतिका खुदकन हसली. उत्तराने घास घेतला. बराच वेळ चावत राहिली, पारी होतीच तशी चामट. मग डोळे पुसून म्हणाली, "गोड आहे. पण उशीर केलास गं."

अनुपमाने नुसती मान हलवली. सॉरीबिरी म्हणाली नाय, ते बरं केलं.

आता ड्रॉवरात मला सगळ्यात वर ठेवलीय, रुमालात गुंडाळून. पिझ्झाचं चाक खाली गेलं. एरवी मी त्याला काय चिडवलं असतं! पण चिडवावंसं वाटत नाय. रुमालाच्या आत तोंड लपलंय, तेच बरं.

तुमच्या मजल्यावर असं एखादं घर असेल, यंदा कढई न चढलेलं. हाताने करायला वेळ नाय, कळतं मला. विकतच्या नेल्यात तरी मी नाक मुरडणार नाय. फक्त डबा फोडून तुम्ही पहिली तोंडात टाकायच्या आधी न्या. एवढं ऐका या म्हातारीचं.